ल्यावाउसचे हात

दक्षिण तैवानातल्या पिंगतुंग स्टेशनाबाहेर उन्हाचा नुसता जाळ होता. सेलेप गाडीतून उतरली तेव्हा तिचा मावसभाऊ कुई स्कूटर घेऊन आधीच येऊन उभा होता. सुगीचा सण तोंडावर आला होता, आणि तायपेईतल्या संग्रहालयाच्या कामातून सवड काढून सेलेप बऱ्याच काळानं गावी निघाली होती. मावशीसाठी चहा, म्हाताऱ्यांसाठी अननसाच्या वड्या, असं बरंच काही पिशवीत भरून आणलं होतं तिनं.

बाजाराच्या चौकात सिग्नल लागला. पुढच्या स्कूटरवर एक बाई होती, तोंडाला मास्क, डोक्याला हेल्मेट आणि दंडापर्यंत उन्हाचे हातमोजे. सेलेपला आधी वाटलं, डोंगरातली कुणी म्हातारी गाडी चालवते आहे. हातांवर गोंदण होतं. मनगटाखाली माणसांच्या आकृत्यांची रांग, बोटांवर आडव्या पट्ट्या. मग तिच्या ध्यानात आलं की गोंदण कातडीवर नाही, कापडावर छापलेलं आहे. आणि मग तिची नजर डाव्या हाताच्या मधल्या बोटावर गेली. तिथली पट्टी मध्येच तुटली होती.

ती तुटकी पट्टी तिच्या घरातलं शेंबड्या पोरानंही ओळखली असती.

ल्यावाउस म्हणजे सेलेपच्या आजीची आई. गावच्या प्रमुखाची थोरली मुलगी, पुढं स्वतःच प्रमुख झालेली. लहानपणी चुलीशेजारच्या तापल्या दगडावर तिचा हात पडला आणि बोटावर कायमचा वण राहिला. पुढं गोंदणारी आली तेव्हा त्या वणावर सुई चालेना, म्हणून तेवढी जागा सोडून पट्टी पुढं नेली. अशी गोंदणं त्यांच्या पैवान या आदिवासी लोकांत कुणीही उठून करून घेत नसे. ती मोठ्या घरातल्या मुलींची, आणि ज्या त्या घराची खूण वेगळी. जपानी अंमलात कुणी एक संशोधक डोंगर चढून आला, त्यानं ल्यावाउसच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या दोन हातांचा फोटो काढला आणि तो घेऊन गेला. तो फोटो संग्रहालयाच्या कपाटात पडून राहिला. त्याचं पुढं काय झालं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो सापडला सेलेपला. विद्यापीठात शिकलेली घरातली ती पहिली मुलगी, आणि संग्रहालयात नोकरीला लागलेली गावातली पहिली. तेव्हा तिथं एखादं चित्र हवं असेल तर अर्ज, शिफारस, शिक्का आणि महिनोन्‌महिने वाट बघणं असा सगळा कारभार होता. डोंगरातली माणसं आपल्या पूर्वजांच्या वस्तू बघायला यायची आणि दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलून परत जायची. सेलेपला ते बघवत नसे. तिनं हट्टच धरला की संग्रहातली सगळी चित्रं इंटरनेटवर टाकायची, कुणीही यावं, घ्यावं, छापावं, वापरावं, कुणाची परवानगी नको की पैसे नकोत. संचालक लियाव सरांचं मन आधी तयार होईना. जित्याजागत्या घराण्यातल्या माणसांचे फोटो आहेत, त्या घरांना विचारलं का, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं. त्यावर सेलेप हसून म्हणाली होती, "मीच घर आहे, सर." सगळे हसले आणि विषय संपला.

त्या संग्रहाच्या उद्घाटनाच्या भित्तिपत्रकावर तिनं ल्यावाउसचेच हात घातले. गावाकडचा भरतकामाचा पोशाख घालून ती व्यासपीठावर उभी राहिली आणि म्हणाली, हे माझ्या पणजीचे हात; आजपासून हे तुमचेही. टाळ्या थांबता थांबेनात. वर्तमानपत्रांत फोटो आला. त्या फोटोची एक प्रत मावशीला पाठवायची, असं त्या आठवड्यात तिच्या मनात होतं. मग कामं निघाली आणि ते राहून गेलं.

सिग्नल सुटला. बाई वळून निघून गेली. सेलेपनं कुईला विचारलं, ते मोजे त्यानं पाहिले का.

"पाहिले की. हिवाळ्यापासून विकतायत," तो मागं न बघता म्हणाला. "सगळ्या रंगांत आहेत." मग पूल ओलांडल्यावर सुपारीची पिंक टाकून म्हणाला, "धुतले तरी रंग जात नाही म्हणे."

नदीकाठच्या रस्त्यानं गाडी डोंगराकडं निघाली तशी सेलेपला तिची आजी आठवू लागली. आजीला ती वुवु म्हणायची. ल्यावाउसची मुलगी ती, तिचेही हात आईसारखेच गोंदलेले. सेलेप खाली शहरातल्या शाळेत असताना वुवु एकदा तिला भेटायला आली. पोरांनी तिचे हात बघून विचारलं होतं, तुझी आजी तुरुंगात होती का गं? पुढच्या वेळी वुवु यायला निघाली तेव्हा सेलेपनं तिला सांगितलं, येताना मोजे घालून ये. वुवु पांढरे सुती मोजे घालून आली. भर उन्हाळ्यात, शाळेच्या कार्यक्रमात, शेवटपर्यंत ते घालून बसली. त्यानंतर डोंगराखाली तिचे उघडे हात कधी कुणाला दिसले नाहीत.

गाव आता जुन्या जागी नव्हतं. मोठ्या वादळात डोंगर खचला तेव्हा दगडी पाट्यांची घरं वर सोडून सगळे पायथ्याच्या सरकारी घरांत आले होते. त्या एकसारख्या ओळीतही सेलेपच्या मावशीचं घर लगेच ओळखू यायचं. दारात कोरीव खांब आणि पुढं मोठं अंगण. झेपुल मावशी गावची प्रमुख होती. सेलेप तिला किना म्हणायची. त्यांच्याकडं आईला आणि मावशीला तोच शब्द.

अंगणात बायका पानांत राळ्याचं पीठ आणि डुकराचं मांस बांधत बसल्या होत्या. सेलेपला पाहून त्यांनी जागा केली. तायपेईत पाऊस आहे का, लग्नाचं काय झालं, अजून किती वाळशील, असं नेहमीचंच बोलणं झालं. किनानं तिला ताटात वाढून दिलं. मोज्यांचा विषय कुणी काढला नाही. एकीनंही नाही. सगळ्याजणी इतक्या नेहमीसारख्या वागत होत्या की सेलेपनं हातातला घास परत ताटात ठेवला. आपणहून सांगावं, असं दहादा तिच्या ओठांवर आलं. पण एकदा बायका होत्या, एकदा किना झोपली होती, एकदा पाहुणे आले. कारण मिळत गेलं आणि ती ते घेत गेली.

सणाच्या दिवशी पाहुण्यांची रीघ लागली. त्यात निवृत्त शिक्षकांची एक बसही आली. साधी, हौशी माणसं होती ती; कुणी गुळाची ढेप आणली होती, कुणी फळांची खोकी. बसमधून उतरलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींच्या हातांत ते मोजे होते. करडे, जांभळे, फिके गुलाबी.

त्यांची पुढारी एक गोल चेहऱ्याची, गोड बोलणारी बाई होती. ती सरळ किनापाशी आली आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "प्रमुखबाई, आम्ही मुद्दाम हे घालून आलो. तुमच्या मानासाठी."

किनानं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मधल्या बोटावरून तिचा अंगठा एकदा फिरला.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुठं मिळाले?"

"अहो, सगळीकडं मिळतात. आणि नकली नाहीत बरं का. संग्रहालयातल्या खऱ्या चित्रावरून केलेत, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. तिथल्याच एका मोठ्या घरच्या मुलीनं देऊन टाकले म्हणे सगळ्यांना. माझ्या पणजीचे हात घ्या, म्हणाली. केवढं मन लागतं हो त्याला."

सेलेप दारूचा घडा घेऊन किनाच्या मागं उभी होती. बाईनं तिला ओळखलं नाही.

"हो," किना म्हणाली. "मोठंच मन आहे तिचं." आणि मान न वळवता तिनं सेलेपला सांगितलं, "भर."

पाहुण्याबरोबर प्यायचा त्यांचा पेला एकाच लाकडात कोरलेला जोडपेला असतो. दोघांनी खांद्याला खांदा लावून, दोन्ही बाजूंनी धरून, एकाच वेळी प्यायचं. सेलेपनं दोन्ही खळगे भरले. किना त्या बाईच्या खांद्याला टेकली. पेल्याच्या एका टोकाला किनाचा हात आणि दुसऱ्या टोकाला ल्यावाउसचा, फिक्या गुलाबी रंगाचा. दोघी प्यायल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेलेपचं लक्ष त्या दोन हातांवर होतं; घडा कलला, थोडी दारू तिच्याच पायांवर सांडली, आणि एक म्हातारी खाली वाकून निमूटपणे ती पुसू लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सेलेपला झालं. पण तसं होत नसतं. ती संध्याकाळपर्यंत घडा घेऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी किना मागच्या अंगणात अळकुड्या वाळवायच्या भट्टीपाशी बसली होती. सेलेप तिच्यासमोर जाऊन बसली आणि एकदाचं सांगून मोकळी झाली: फोटो कपाटातून मी बाहेर काढला, मीच सांगितलं घ्या म्हणून, तुला विचारलं नाही.

किना अळकुड्या खालीवर करत राहिली. "मी हिवाळ्यापासून वाट बघतेय," ती म्हणाली.

"मग फोन का नाही केलास?"

"मी का करू?"

सेलेपनं खाली पडलेली एक अळकुडी उचलून भट्टीवर ठेवली.

"मी जन्मले तेव्हा ल्यावाउस आजी गेलेली होती," किना म्हणाली. "तिचे हात आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते बाजारात. मोज्यांच्या ढिगात. मी बघत उभी राहिले तर दुकानदारीण विचारते, कुठला रंग देऊ मावशी?"

सेलेपची मान वर होईना. तरी ती बोलली. कपाटाबद्दल, कुलपाबद्दल, दारावरून परत गेलेल्या माणसांबद्दल. आपली माणसं लपून राहू नयेत एवढंच मनात होतं, असं म्हणाली. वुवुसारखे हात पुन्हा कुणाला झाकावे लागू नयेत.

"आईनं हात झाकले ते तिच्या मनानं," किना म्हणाली.

"तिच्या मनानं नाही, किना. मी सांगितलं होतं."

किनानं भट्टीतून बाहेर आलेलं लाकूड आत सारलं. "ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मोजे मीच आणून दिले होते तिला. रडत होती."



दुपारी घरची मोठी माणसं अंगणात जमली. मतं काही एकसारखी नव्हती. कुईचं म्हणणं, सगळंच बंद करायला सांगा, आपलं एकही चित्र तिथं नको. पण मुआकाई नावाची भरतकाम करणारी बाई मध्येच बोलली. तिच्या आजीचा झगा वादळात वाहून गेला होता. त्याच्या काठावरची नक्षी तिला त्याच संग्रहालयाच्या चित्रांत सापडली होती, घरबसल्या, फोनवर, आणि त्यावरून तिनं लेकीचा लग्नाचा झगा शिवला होता. ते परत कुलपात घालू नका, ती म्हणाली. कुलूप होतं तेव्हा मला कुणी आत घेतलं नव्हतं. सेलेपला वाटलं, आता आपली बाजू घेणारं कुणीतरी निघालं. पण मुआकाई तिच्याकडं वळून म्हणाली, "तुझं काम चांगलं होतं म्हणूनच जास्त राग येतो गं."

शेवटी किना बोलली. दार उघडं ठेवायला तिची ना नव्हती. पण उघड्या दारातूनही माणूस आत येताना हाक मारतो, ती म्हणाली, आणि आपल्याच घरची मुलगी हाक न मारता आत शिरली. तिनं ठरवलं: ल्यावाउसचा फोटो खाली उतरवायचा, बाकी माणसांच्या फोटोंबद्दल त्या त्या घराला विचारायचं, आणि चुकीची भरपाई म्हणून सेलेपनं रीतीप्रमाणं डुक्कर कापून घरोघर मांस न्यायचं.

तायपेईला परतल्यावर सेलेपनं लियाव सरांची भेट मागितली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की एकदा दिलेलं परत घेता येत नाही. आपलं पान आपण कोरं करू, पण ज्यांनी चित्र आधीच घेतलं ते त्यांचं झालं. "हे वाक्य तुम्हीच नियमांत घातलंत," ते म्हणाले. "मी विरोध केला होता, आठवतं?"

तिला आठवत होतं. मग तिनं विभागाच्या बैठकीत, हाताखालच्या सगळ्यांसमोर, उभं राहून सांगितलं की घरांना विचारलं का, या प्रश्नाला आपण खोटं उत्तर दिलं होतं. घर आपण नव्हतो. घराची प्रमुख वेगळी होती. कुणीतरी घसा खाकरला. एक नवीन मुलगी, जी सेलेपचं ते भाषण ऐकूनच तिथं नोकरीला आली होती, खाली बघत राहिली. माणसांची चित्रं तूर्त झाकून ठेवायचं ठरलं. भांडी, विणकाम, कोरीवकाम पूर्वीसारखं खुलंच राहिलं. त्याच आठवड्यात परदेशातल्या एका संशोधकाचं खरमरीत पत्र आलं, की उघडलेली दारं तुम्ही पुन्हा बंद करताय. त्याला उत्तर लिहिताना सेलेपला कळेना, आपण कुणाची बाजू मांडतोय.

मोजे करणाऱ्याकडं ती स्वतः गेली. चांगहुआकडं एक गाव सबंध मोज्यांवर जगतं. तिथल्या एका छोट्या कारखान्याचा मालक श्याव नावाचा म्हातारा होता. त्यानं तिला चहा दिला आणि यंत्रं दाखवली. आपल्या बायकोनं ते हात पाहून म्हटलं होतं, इतके सुंदर हात मी पाहिले नाहीत, म्हणून केले, असं त्यानं सांगितलं. सेलेपनं आपण कशासाठी आलो ते सांगितल्यावर तो गोंधळून तिच्याकडं बघत राहिला.

"पण बाई, तुम्हीच तर घ्या म्हणालात. मी व्हिडिओ पाहिलाय. तो बघून रडलो होतो मी."

"हो," सेलेप म्हणाली. "चूक माझी आहे. तुमची नाही."

त्यानं पुढं छापणं थांबवलं. ते थांबवायला कायद्यानं त्याला कुणी भाग पाडलं नसतं, तरी थांबवलं. पण दुकानांत गेलेला माल परत येणार नव्हता, आणि त्याच्यावरून दुसऱ्यांनी केव्हाच नकला काढल्या होत्या. निघताना त्यानं उरलेल्या मोज्यांचं खोकं तिच्या हातात दिलं. तिला ते ना घेववेना ना ठेववेना. स्टेशनपर्यंत छातीशी धरून नेलं तिनं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खोक्यावरचं चित्र दिसू नये म्हणून वर आपली ओढणी टाकली. आपण पुन्हा तेच हात झाकतोय, हे तिला गाडीत बसल्यावर उमगलं, आणि तिनं ओढणी काढली.

डुक्कर कापायच्या दिवशी कुई सकाळपासून तिच्याबरोबर राबला. मांसाचे वाटे करून ती घरोघर गेली. दारात उभं राहून प्रत्येक घरी माफीचं एकच वाक्य पैवान भाषेत म्हणायचं होतं, आणि शहरात राहून तिची भाषा इतकी मोडकी झाली होती की दुसऱ्याच घरी एका म्हाताऱ्यानं तिचा उच्चार सुधारला. त्यानंतर ती नीट म्हणाली. काहींनी वाटा घेऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. एका घरी आतून कुणी आलंच नाही. फक्त टीव्हीचा आवाज कमी झाला. ती वाटा उंबऱ्यावर ठेवून निघाली. ते घर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं होतं.

सगळ्यांत शेवटी ती किनाकडं आली. तिनं पिशवीतून जाड पुठ्ठ्यात गुंडाळलेला फोटो काढला. मोठा, कागदावर नीट छापलेला. संग्रहालयातून त्या गावात आलेली ही पहिली प्रत. इतक्या लोकांना हे हात वाटून टाकले आणि या घराला एक प्रत द्यायची राहिली, हे तिला त्या क्षणी टोचलं, आणि तिनं फोटो दोन्ही हातांनी पुढं केला.

किनानं खिडकीशी नेऊन तो पाहिला. पाहताना तिनं आपला हात त्या हातांशेजारी धरला. तिचा हात कोरा होता. तिच्या वेळेपर्यंत गोंदणं थांबलं होतं. बोटं मात्र तशीच होती, आखूड आणि रुंद.

सेलेपनं हळूच विचारलं, पुढंमागं केव्हा, तू म्हणशील तेव्हा, हा पुन्हा लोकांना दाखवावा का?

"आत्ता नाही सांगत," किना म्हणाली. "बघू दे मला आधी."

तिनं फोटो भिंतीवर लावला नाही. आतल्या खोलीत, वुवुचे कपडे ज्या पेटीत होते त्या पेटीवर उभा करून ठेवला आणि दार लोटून घेतलं. मग बाहेर येऊन तिनं सेलेपच्या हातात सुरी दिली. उरलेलं मांस शिजवायचं होतं आणि अळकुड्या अजून सोलायच्या राहिल्या होत्या.